शहराच्या कडेला कॅरव्हॅन: पीटरबरोच्या फेरी मेडोजपासून सुरुवात करताना

कॅरव्हॅनची पहिली सहल करणारा बहुतेक जण ती चाकांवरची हॉटेलखोली समजून निघतो. प्रत्यक्षात ते एक छोटं घर असतं. त्याचं पाणी, वीज, गॅस आणि संडास या चारही गोष्टी तुम्हालाच सांभाळायच्या असतात. त्यात अवघड काही नाही, पण प्रत्येक कामाला क्रम आहे आणि क्रम चुकला की रात्री अकरा वाजता अंधारात टॉर्च घेऊन बाहेर यावं लागतं. म्हणून पहिल्यांदा जाताना दूरच्या डोंगरात किंवा समुद्रकाठी जाऊ नये. शहराला लागून असलेल्या एखाद्या कंट्री पार्कमधली साइट निवडावी. काही विसरलं तर दुकान दहा मिनिटांवर असतं आणि पाऊस लागला तर शहर पाहता येतं.

कंट्री पार्क म्हणजे राष्ट्रीय उद्यान नव्हे आणि बगीचाही नव्हे. इंग्लंडमध्ये १९६८ च्या कंट्रीसाइड ॲक्टने ही कल्पना कायद्यात आणली. शहरातल्या माणसाला मोकळ्या रानात चालायला फार लांब जावं लागू नये, हा त्यामागचा हेतू. पूर्व इंग्लंडमधल्या पीटरबरो शहराजवळचं फेरी मेडोज हे त्याचं चांगलं उदाहरण. खडी काढलेल्या खाणींच्या जागी इथे तलाव झाले आणि १९७८ मध्ये पार्क लोकांसाठी खुलं झालं. गनवेड, ओव्हरटन आणि लिंच अशी तलावांची नावं. शेजारून वाहणाऱ्या नदीचं नाव इंग्रजीत एकाच पद्धतीने लिहितात, पण वरच्या अंगाला नॉर्थॅम्प्टनचे लोक तिला ‘नेन’ म्हणतात आणि पीटरबरोत ती ‘नीन’ होते. इथे वाट विचारताना नीन म्हणा.

याच पार्कात कॅरव्हॅन अँड मोटरहोम क्लबची साइट आहे. लंडनहून गाडीने साधारण दोन तास लागतात, लेस्टरहून त्याहून कमी. शहराचं केंद्र नदीकाठच्या वाटेने सायकलवर गाठता येतं. खाली लिहिलेलं बहुतेक सगळं इंग्लंडमधल्या अशा कुठल्याही साइटला लागू पडेल.

गाडी कोणती घ्यावी

ओढून न्यायची ती कॅरव्हॅन. इंजिन असलेली आणि आत राहता येणारी ती मोटरहोम, आणि तिचंच लहान रूप म्हणजे कॅम्परव्हॅन. पहिल्या वेळी भाड्याची कॅम्परव्हॅन किंवा लहान मोटरहोम घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. कॅरव्हॅन ओढणं आणि विशेषतः मागे घेणं हे वेगळं कौशल्य आहे. ते सुट्टीच्या पहिल्या दिवशी, मागे गाड्या खोळंबलेल्या असताना शिकायची गोष्ट नाही.

साध्या ब्रिटिश मोटार परवान्यावर (बी वर्ग) ३,५०० किलोपर्यंतची मोटरहोम चालवता येते. भारतातून आलेल्या पाहुण्याला आपल्या वैध परवान्यावर १२ महिन्यांपर्यंत मोटार आणि अशी हलकी वाहनं चालवता येतात. पण कायद्याने परवानगी असणं आणि भाड्याने देणाऱ्याच्या विम्याने परवानगी देणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. किमान वय आणि परवाना किती वर्षं जुना हवा याच्या अटी प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. आई-बाबा आलेत, तेही थोडं चालवतील, असा विचार असेल तर पैसे भरण्याआधी त्यांच्या परवान्याबद्दल लेखी विचारून घ्या. भारतीय परवान्यावर कॅरव्हॅन ओढायच्या भानगडीत मात्र पडू नका.

३,५०० किलो हे भरलेल्या गाडीचं कमाल वजन आहे, रिकाम्या नव्हे. चार माणसं, कपडे, तांदळाची पिशवी, सायकली आणि १०० लिटर पाणी म्हणजे बघता बघता ५०० किलोंच्या आसपास होतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे डोक्यात ठेवा. टाकी भरून प्रवास करू नका. चहापुरतं आणि हात धुण्यापुरतं २०-२५ लिटर घ्या, बाकीचं साइटवर भरा. जड सामान खाली आणि चाकांच्या आसाजवळ, हलकं वरच्या कपाटात. कुकर वरच्या कपाटात ठेवला तर पहिल्याच गोल चौकात तो दार उघडून खाली येतो.

उंचीचं भान सुटतं आणि तिथेच सर्वात महाग चूक होते. मोटरहोमची उंची साधारण पावणेतीन ते तीन मीटर असते. शहरातल्या बहुमजली पार्किंगच्या आणि पार्कातल्या अनेक वाहनतळांच्या तोंडाशी दोन मीटरच्या आसपास आडवा दांडा असतो. पुलांवरच्या पाट्यांवर उंची फूट आणि इंचांत ठळक लिहिलेली असते. आपल्या गाडीची उंची फूट-इंच आणि मीटर अशा दोन्हींत कागदावर लिहून चालकाच्या समोर चिकटवा. २.९ मीटर म्हणजे साडेनऊ फूट. छतावर सामान किंवा खोका असेल तर तोही मोजा. साध्या मोबाइल नकाशाला तुमची उंची ठाऊक नसते, तो तुम्हाला खुशाल बुटक्या पुलाखाली नेईल.

तरीही कॅरव्हॅनच ओढायची असेल, तर चार गोष्टी पक्क्या करा. रस्त्यावर असताना कॅरव्हॅनचं वजन ओढणाऱ्या मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत असावं. हा कायदा नव्हे, पण नवख्याने मोडू नये असा संकेत आहे. जोडाच्या टोकावर पडणारा भार कॅरव्हॅनच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के असावा. तो कमी पडला की कॅरव्हॅन शेपटी हलवू लागते. मध्ये दुभाजक नसलेल्या रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ५० मैल, दुभाजक असलेल्या रस्त्यावर आणि मोटरवेवर ६० मैल. तीन किंवा जास्त मार्गिकांच्या मोटरवेवर अगदी उजवीकडच्या मार्गिकेत जायचं नाही. कॅरव्हॅन मोटारीपेक्षा रुंद असेल तर बाजूला लांब आरसे लावणं बंधनकारक आहे. ती डोलायला लागली तर ब्रेक दाबू नका. पाय अॅक्सिलरेटरवरून अलगद काढा, स्टिअरिंग सरळ धरा आणि वेग आपोआप उतरू द्या.

जागा राखून ठेवताना

कॅरव्हॅन लावायच्या जागेला ‘पिच’ म्हणतात. गवताची पिच स्वस्त आणि डोळ्यांना सुखद, पण पावसात चिखल. खडीची टणक पिच मिळत असेल तर पहिल्या वेळी तीच घ्या. फेरी मेडोजच्या बाबतीत हे जास्तच खरं आहे. पार्कचा बराच भाग नदीच्या पुराचं पाणी पसरायच्या जागेत आहे आणि हिवाळ्यात इथल्या वाटा पाण्याखाली जातात. ऑक्टोबर ते मार्च जाणार असाल तर निघण्याआधी पार्कची आणि साइटची सूचना पाहा.

‘इलेक्ट्रिक हुक-अप’ म्हणजे विजेची जोडणी असलेलीच पिच मागा. काही साइटवर पिचजवळच नळ आणि सांडपाण्याची जाळीही मिळते. लहान मुलं असतील तर त्याचे जास्तीचे पैसे वसूल होतात. गाडीला बाजूने जोडायचा तंबू म्हणजे ऑनिंग लावणार असाल तर नोंदणीतच सांगा, कारण दोन कुटुंबांच्या गाड्यांमध्ये आगीच्या दृष्टीने ६ मीटर अंतर ठेवण्याची पद्धत आहे आणि पिचची रुंदी त्यावरून ठरते. क्लबच्या साइटवर सभासद नसलेल्यांनाही बहुतेक ठिकाणी जागा मिळते, पण रात्रीमागे जादा रक्कम पडते. वर्षातून सात-आठ रात्रींपेक्षा जास्त राहणार असाल तर सभासदत्वाचा हिशेब करून बघा.

मे महिन्यातल्या दोन्ही बँक हॉलिडेचे आठवडे, ऑगस्टअखेरचा सोमवार आणि जुलैच्या शेवटापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंतची शाळांची सुट्टी या काळात शहराजवळच्या साइट महिनोन्महिने आधी भरतात. जूनमधला मधला आठवडा सर्वांत चांगला. सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो आणि सकाळी पावणेपाचच्या आतच उगवतो. झोप हलकी असणाऱ्यांनी खिडक्यांचे पडदे घट्ट बसतात का ते गाडी ताब्यात घेतानाच पाहावं.

पोचल्यावरचा क्रम

साइटवर प्रवेश दुपारी सुरू होतो. सकाळी अकराला पोचून दारात उभं राहू नका. आधीच्या लोकांची पिच अजून रिकामी झालेली नसते आणि दारातला रस्ता अडतो. रात्री उशिरा पोचणंही टाळा. अंधारात गाडी समतल करणं, नळ शोधणं आणि शेजाऱ्यांची झोप सांभाळणं हे नवख्याला जमत नाही. दुपारी दोन-तीनच्या दरम्यान पोचलात की सगळं उजेडात होतं. वॉर्डनकडे नोंद करा आणि चार प्रश्न विचारा: गाडी पिचवर कोणत्या दिशेने उभी करायची, पिण्याच्या पाण्याचा नळ कुठे, संडासाची टाकी रिकामी करायची जागा कुठे, आणि विजेचा खटका पडला तर काय करायचं. पिचवर खूण म्हणून एक खुंटी असते. गाडीचा कोणता कोपरा तिच्याशी जुळवायचा हे प्रत्येक ठिकाणी ठरलेलं असतं.

मागे घेताना एक माणूस खाली उतरवा, आणि त्याने चालकाच्या आरशात दिसेल अशाच जागी उभं राहावं. तो दिसेनासा झाला की गाडी थांबवायची, हे आधी ठरवून घ्या. कॅरव्हॅन मागे घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. कॅरव्हॅनचं ढुंगण ज्या बाजूला न्यायचं, त्या बाजूला हात सरकवा. एवढ्या एका युक्तीने अर्धा गोंधळ मिटतो.

मग गाडी समतल करायची. हे काम वरवरचं वाटतं, पण न केल्यास बेसिनचं पाणी कोपऱ्यात साचतं, झोपल्यावर डोकं खाली जातं आणि गॅसवर चालणारा फ्रिज नीट थंड होत नाही. त्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतो. आतलं द्रव्य स्वतःच्या वजनाने उतरून फिरतं, गाडी कललेली असली की ते अडतं. पातळी पाहायची छोटी काचनळी जमिनीवर ठेवा. आधी डावी-उजवी बाजू सारखी करा: खाली असलेल्या बाजूच्या चाकासमोर पिवळं प्लास्टिकचं रॅम्प ठेवून गाडी हळूच त्यावर चढवा, हँडब्रेक ओढा, चाकाला अडणी लावा. मोटरहोममध्ये पुढची-मागची बाजूही रॅम्पनेच साधायची. कॅरव्हॅनमध्ये ती पुढच्या लहान चाकाने वर-खाली करून साधतात. कॅरव्हॅनच्या चार कोपऱ्यांचे पाय सर्वांत शेवटी खाली सोडा. ते गाडी हलू नये म्हणून असतात, उचलण्यासाठी नव्हे. त्यांच्यावर गाडी उचलायला गेलात तर चौकट वाकते.

वीज

पिचजवळच्या खांबावर निळ्या रंगाचे गोल सॉकेट असतात. लागणारी केबल नारिंगी रंगाची, २५ मीटर लांब आणि २.५ चौरस मिलिमीटर जाडीची असते. भाड्याच्या गाडीत ती आहे ना, हे घरून निघतानाच बघा.

केबल आधी पूर्ण उलगडा. रीळावर गुंडाळलेल्या केबलमधून हीटरचा भार गेला की ती आतल्या आत तापते आणि वितळू शकते. उरलेली केबल गाडीखाली सैल वेटोळ्यांत पसरून ठेवा. आधी गाडीकडचं टोक लावा, नंतर खांबाकडचं. खांबावर काही ठिकाणी प्लग आत दाबून उजवीकडे फिरवावा लागतो, तोपर्यंत वीज येत नाही, आणि नवख्यांना वाटतं खांबच बंद आहे. निघताना उलट: आधी खांबाकडून काढायचं, मग गाडीकडून. यात हेतू एवढाच की हातात कधीही वीज असलेलं उघडं टोक राहू नये. जोडल्यावर गाडीतल्या विजेच्या डब्यावरचं चाचणी बटण दाबा. खटका पडला पाहिजे. पडला नाही तर वीज वापरू नका, वॉर्डनला बोलवा.

आता हिशेब, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. १६ अँपिअरची जोडणी म्हणजे २३० व्होल्टवर साधारण ३,६८० वॉट. काही साइटवर १० अँपिअरच मिळतात, म्हणजे २,३०० वॉट. घरातली इंग्लिश किटली एकटीच ३,००० वॉट खाते. १० अँपिअरवर ती लावली की खटका पडून वीज जाते. १६ वर लावली आणि सोबत हीटर चालू असेल तरी तेच. म्हणून ७५० ते १,००० वॉटची छोटी किटली घ्या. इंडक्शन शेगडी १,००० ते १,२०० वॉटवर ठेवून चालवा आणि त्या वेळी हीटर व पाण्याचा गीझर बंद ठेवा. भात-कुकर ७०० वॉटच्या आसपास असतो, तो फ्रिजबरोबर आरामात चालतो. खांबाचा खटका काही साइटवर स्वतःला वर करता येतो. काही ठिकाणी खांबाला कुलूप असतं आणि वॉर्डन सकाळी येतो. थंडीच्या रात्री हा फरक मोठा वाटतो, म्हणूनच तो पहिल्याच भेटीत विचारायचा. गाडीतले सॉकेट ब्रिटिश, चौकोनी तीन पिनांचे असतात. भारतातून आणलेल्या चार्जरला जोडपिन लागेल.

वीज गेली तरी दिवे आणि पाण्याचा पंप गाडीतल्या १२ व्होल्टच्या वेगळ्या बॅटरीवर चालतात. त्यामुळे खटका पडला म्हणजे सगळं बंद पडलं असं नाही.

गॅस

हा विषय आपल्याला घरचा वाटतो, आणि तिथेच निष्काळजीपणा होतो. ब्रिटनमधल्या परिचित रंगांत लाल टाकी प्रोपेनची, निळी ब्युटेनची. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचं थांबतं, त्यामुळे थंडीत टाकी अर्धी भरलेली असूनही शेगडी पेटत नाही. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू देतं. एप्रिलपूर्वी आणि ऑक्टोबरनंतर लालच टाकी हवी. प्रोपेनच्या टाकीला जोडायचा नट उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे डावीकडे फिरवून घट्ट होतो. टाकी नेहमी उभी, पट्ट्याने बांधलेली. आपल्या घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरच्या तुलनेत या टाक्या ४ ते ७ किलोंच्या असतात, म्हणून भाडेवाल्याला टाकीत किती गॅस आहे आणि दुसरी टाकी आहे का हे विचारा.

शेगडी पेटवण्याआधी छतावरची खिडकी थोडी उघडा. जमिनीलगतच्या आणि छतावरच्या जाळ्या कधीही बंद करू नका, थंड वारा येतो म्हणून तिथे पायपुसणं कोंबू नका. गळालेला गॅस हवेपेक्षा जड असतो, तो त्या खालच्या जाळीतूनच बाहेर पडतो. शेगडी किंवा ग्रिल खोली गरम करायला पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारं यंत्र गाडीत आहे आणि चालतं हे चाचणी बटण दाबून पाहा. या वायूला वास नसतो. डोकं दुखतंय, मळमळतंय आणि बाहेर गेल्यावर बरं वाटतंय, हीच त्याची खूण. कोळशाची शेगडी विझत आली असली तरी ती ऑनिंगमध्ये किंवा गाडीत आणायची नाही. ब्रिटनमध्ये तंबूत आणि कॅरव्हॅनमध्ये याच कारणाने माणसं मेली आहेत.

आपल्या स्वयंपाकाबद्दल थोडं जास्त. फोडणीचा धूर गाडीत कोंडला की धुराचं यंत्र वाजतं आणि मोहरी-हिंगाचा वास गादीच्या कापडात आठवडाभर राहतो. भाड्याच्या गाडीला स्वच्छतेचा दंड बसू शकतो. फोडणी, भजी आणि मासे यांचं काम ऑनिंगच्या बाहेर, मोकळ्या हवेत, घट्ट उभ्या छोट्या शेगडीवर करा. आत पिठलं, खिचडी, पोळ्या गरम करणं, चहा एवढंच. दोन-तीन लिटरचा कुकर पुरतो. मोठा कुकर छोट्या बर्नरवर डगमगतो आणि त्याच्या वाफेने खिडक्यांवर पाणी साचतं. सांडपाण्याचा पाइप फक्त इंचभर जाडीचा असतो. भाताची शितं, चहाची पावडर आणि तेल त्यात जाऊ देऊ नका. बेसिनला गाळणी लावा, तेल कागदाने पुसून कचऱ्यात टाका. पहिल्या दोन दिवसांत बेसिन तुंबतं ते बहुतेक वेळा भातानेच.

काही कमी पडलं तर पीटरबरोचा लिंकन रोड आहे. डाळी, पिठं, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या सगळं तिथल्या दुकानांत मिळतं, त्यामुळे घरून पोतं भरून न्यायची गरज नाही.

पाणी आणि संडास

कॅरव्हॅनमध्ये बहुधा पाण्याची टाकी बाहेर असते. ४० लिटरचं निळं पिंप जमिनीवरून ढकलत नळापर्यंत न्यायचं, भरून परत आणायचं आणि गाडीचा पंप त्यात सोडायचा. मोटरहोममध्ये टाकी आत असते आणि नळीने भरावी लागते. नळी खाद्य दर्जाची असावी, बागेची हिरवी नको, तिचा रबरी वास चहाला येतो. नळ उघडून थोडं पाणी वाहू द्या, मग जोडा.

पंप चालू पण पाणी येत नाही, अशी तक्रार पहिल्या दिवशी हमखास येते. पाइपात हवा अडकलेली असते. गरम आणि थंड दोन्ही नळ एकत्र उघडे ठेवून मिनिटभर थांबा, थुंकत थुंकत पाणी येईल. गीझर रिकामा असताना चालू करू नका. आधी गरम नळातून अखंड धार आली पाहिजे.

वापरलेलं पाणी साइटच्या ठरलेल्या जाळीतच ओतायचं. हे साबणाचंच पाणी आहे म्हणून झुडपात सोडलं तर वॉर्डन येऊन सांगेल, आणि तलावात साबण जातो हे त्याचं म्हणणं बरोबर आहे.

आता संडास, ज्याच्याबद्दल कोणी बोलत नाही आणि ज्याची सर्वांना भीती असते. गाडीच्या संडासाखाली १७ ते २० लिटरची काढता येणारी टाकी असते. तिला कॅसेट म्हणतात. सुरुवातीला तिच्यात दोन लिटर पाणी आणि बाटलीवर लिहिलेल्या मापाने निळं किंवा हिरवं रसायन ओता. जास्त ओतून जास्त फायदा होत नाही. रसायनाशिवाय वापरली तर दुसऱ्या दिवशी गाडीत झोपता येणार नाही. कागद लवकर विरघळणारा घ्या. ओले रुमाल, सॅनिटरी पॅड यांतलं काहीही आत नको.

रिकामी करताना असं करा:

१. आतून झाकणाची पट्टी पूर्ण बंद करा. उघडी असेल तर कॅसेट बाहेर निघत नाही, आणि जोर केला तर पट्टी तुटते.
२. बाहेरच्या दारातून कॅसेट सरळ ओढा, आडवी न करता चाकांवर न्या.
३. ठरलेल्या जागी, तोंडाची नळी बाहेर वळवून टोपण काढा. नळी खाली झुकल्यावरच हवेचं बटण अंगठ्याने दाबा. बटण न दाबता ओतलं तर गचके बसून शिंतोडे उडतात.
४. थोडं पाणी घालून हलवा, पुन्हा ओता. दोनदा पुरे.
५. टोपण घट्ट लावा, नवं पाणी व रसायन घाला, जागेवर बसवा.

त्या जागेचा नळ फक्त धुण्यासाठी असतो. तिथून पिण्याचं पाणी कधीही भरू नका, पाटी वाचली नाही तरी नाही. हात साबणाने धुवा आणि हातमोजे वेगळ्या पिशवीत ठेवा.

आपल्या सवयीतला एक फरक इथे हिशेबात धरायला हवा. कॅसेटचं माप कागद वापरणाऱ्यांच्या हिशेबाने ठरलेलं आहे. चार माणसांनी दिवसातून तीनदा अर्धा अर्धा लिटर पाणी घेतलं तर फक्त धुण्याच्या पाण्याने ६ लिटर होतात. टाकी दोन दिवसांऐवजी सव्वा दिवसात भरते. म्हणून दिवसा साइटवरचं स्वच्छतागृह वापरा आणि गाडीतला संडास रात्रीसाठी ठेवा. तांब्या किंवा मगावर पाव लिटरची खूण करून घेतली तर वापर आटोक्यात राहतो. भरल्याचा लाल दिवा लागला की लगेच रिकामी करा, ‘उद्या सकाळी’ नको.

पार्कात आणि शहरात

साइटवर वेग ताशी पाच-दहा मैलांच्या आत, कारण मुलं सायकलवर फिरतात. कुत्रा दोरीवर. रात्री साडेदहा-अकरानंतर गाणी नाहीत आणि गाडीची दारं धाडधाड आपटू नका. कॅरव्हॅनच्या भिंती पातळ असतात, आपलं बोलणं शेजारी ऐकतात.

तलावांत मनाने पोहायला उतरू नका. खाणीच्या जागेचे तलाव काठावरच अचानक खोल होतात, आणि पाणी उन्हाळ्यातही तळाशी थंड असतं. उन्हाळ्यात निळं-हिरवं शेवाळ येतं, ते कुत्र्यांना जास्त घातक. पाण्यात खेळायचं असेल तर गनवेड तलावावर जलक्रीडेची सोय आहे. उंच गवतातून चालताना लांब पायजमा घाला, मोजे त्यावर ओढा. परत आल्यावर गुडघ्यामागे आणि कमरेपाशी गोचीड चिकटली आहे का पाहा. ती चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, तेल किंवा काडी लावू नका. पुढच्या काही आठवड्यांत गोल लाल चट्टा पसरत गेला तर डॉक्टरांकडे जा.

शहरात जाताना मोटरहोम पिचवरच राहू द्या. नदीकाठची वाट सपाट आहे आणि ती पीटरबरोला वळसा घालणाऱ्या ग्रीन व्हील या सायकलमार्गाचा भाग आहे. पार्काच्या कडेने नीन व्हॅली रेल्वे ही जुन्या गाड्यांची रेल्वे जाते, तिचं फेरी मेडोजसाठीचं स्थानक जवळच आहे. ती रोज धावत नाही, वेळापत्रक बघा. मुलं असतील तर पार्कातली लहान रेल्वे वेगळी आहे, ती चुकवू नका. शहरात कॅथेड्रल पाहाच. १११८ मध्ये बांधायला सुरुवात झालेल्या या वास्तूच्या दर्शनी भागाला तीन प्रचंड कमानी आहेत, आत तेराव्या शतकातलं रंगवलेलं लाकडी छत आहे, आणि १५३६ मध्ये इथे आठव्या हेन्रीची पहिली राणी कॅथरिन ऑफ ॲरागॉन हिला पुरलं. तिच्या थडग्यावर लोक आजही डाळिंबं ठेवतात, कारण डाळिंब हे तिचं चिन्ह. लंडनला जायचं असेल तर पीटरबरो स्थानकातून किंग्ज क्रॉसला जलद गाडीने सुमारे पाऊण-एक तास लागतो, म्हणजे गाडी इथे उभी ठेवून लंडनची एक दिवसाची चक्कर होते.

वारा, पाऊस, आणि निघणं

गाडीच्या बाजूने उलगडणारी छत्री-ऑनिंग कधीही उघडी सोडून जाऊ नका. एक जोरदार झुळूक ती उलटी फेकते आणि छताचा पत्रा वाकवते. भाड्याच्या गाड्यांमधलं नुकसान बहुतेक असंच होतं, आणि त्याची भरपाई तुमच्या अनामत रकमेतून जाते. रात्री आणि बाहेर जाताना गुंडाळा. पावसात एक बाजू खाली झुकवा, नाहीतर मध्ये पाण्याची थैली साचते. खडीच्या पिचवर साधे खुंटे वाकतात, जाड पोलादी खुंटे घ्या.

गवतात चाक रुतलं तर फिरवत बसू नका, प्रत्येक फेरीला खड्डा खोल होतो. चाकासमोर जाळीचा पट्टा किंवा जुनं पायपुसणं घाला, दुसरा गिअर टाका, क्लच अलगद सोडा. नाही निघाली तर वॉर्डनला सांगा, बऱ्याच साइटवर ओढायची सोय असते.

जाण्याच्या सकाळी घाई करू नका, दुपारी बारापर्यंत वेळ असतो. आधी कॅसेट आणि सांडपाणी रिकामं करा, कारण त्यासाठी रांग लागते. मग टाकीतलं जास्तीचं पाणी सोडा. थंडीत गीझरचंही सोडा, गोठलं तर फुटतं. आत फ्रिजचं दार कडीने, कपाटं कडीने, छताच्या खिडक्या घट्ट. गॅसचा नॉब टाकीवर बंद करा. फ्रिज १२ व्होल्टवर वळवा, पण इंजिन सुरू असतानाच तो त्यावर चालतो. शेवटी वीज काढा: खांबाकडून, मग गाडीकडून. पायरी आत, छतावरची अँटेना खाली, रॅम्प आणि चाकाच्या अडण्या उचलल्या. कॅरव्हॅन असेल तर आधी चारही कोपऱ्यांचे पाय वर घ्या, जोड बसला का ते पुढच्या लहान चाकाने कॅरव्हॅनचं पुढचं टोक थोडं वर उचलून तपासा, सुटल्यास ब्रेक लावणारी तार जोडा, दिव्याचा प्लग लावा, आणि मागे एक माणूस उभा करून सगळे दिवे पाहा.

गाडी वीस पावलं पुढे नेऊन थांबवा. खाली उतरून रिकाम्या पिचवरून एकदा चाला. पिवळं रॅम्प, पाण्याचं टोपण आणि केबल या तीन गोष्टी गवतात राहतात.